मापसाहेबांचं बोट

मापसाहेब निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, तरी ते बाजारातून चालत गेले की दुकानदार अजून तराजू सरळ करायचे. नोकरीच तशी होती. वजनमापं तपासायची, खोटी निघाली की जप्त करायची, मालकाला कोर्टाची पायरी दाखवायची. तळाला मेण चिकटवलेलं पारडं हा माणूस दहा पावलांवरून ओळखायचा. दुधाच्या मापाचा तळ ठोकून आत घेतलेला असला तर नुसतं आतून बोट फिरवून सांगायचा. कधी लाच घेतली नाही, कधी दया दाखवली नाही, आणि दोन्हींचा त्याला सारखाच अभिमान. घरातसुद्धा सगळे त्यांना मापसाहेबच म्हणायचे. सून तेवढी तोंडावर मामंजी म्हणायची.

पण एवढा वाघ सुईला भ्यायचा! टाचणीएवढी सुई, बोटात टुचकन टोचून थेंबभर रक्त काढायचं, तर साहेबांची पाचावर धारण बसायची. कबूल करतील तर शपथ. "माझी कातडी जाड आहे, रक्त येत नाही," असं सांगायचे. साखरेचा आजार अंगात आठ वर्षं मुरलेला, गोळ्या चालू, आणि तपासणीचं नाव काढलं की कधी सर्दी, कधी पाहुणे, कधी पाय मुरगळलेला.

निवृत्त कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यात नवी डॉक्टरीणबाई आली आणि ही नाटकं संपली. बाई तरुण, बोलायला गोड आणि हट्टाला पक्की. तिने प्रत्येक म्हाताऱ्याच्या हातात एक छोटं मशीन, पट्ट्यांची डबी आणि एक वही ठेवली. रोज सकाळी उपाशीपोटी एकदा आणि जेवणानंतर दोन तासांनी एकदा रक्त तपासायचं, आकडा वहीत लिहायचा. मशीनच्या पोटात आकडे आपोआप साठतात, तेव्हा थापा मारायच्या नाहीत. चौदा दिवसांनी वही नाही, तर गोळ्या नाहीत.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पेन्शनरांचा एक बाक होता. त्या बाकावर त्या दिवसापासून दुसरा विषयच उरला नाही. "तुझी किती?" "एकशे चाळीस." "हॅ! माझी एकशे बावीस." शाळेतली पोरं मार्क सांगतात तशी म्हातारी आकडे सांगायची. मापसाहेबांनी जन्मभर दुसऱ्यांचे आकडे तपासले होते. ते या बाकावर शेवटच्या नंबरात बसणार होते होय?

मशीन कसं चालवायचं ते सिस्टरने सुनेलाच शिकवलं, कारण साहेब तेवढ्यात व्हरांड्यात निघून गेले होते. "बोटाच्या कडेला टोचायचं हं," सिस्टर म्हणाली. "मधोमध नाही. मधोमध फार दुखतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी डावा हात टेबलावर ठेवला, उजव्या हातात टोचणी धरली, डोळे मिटले आणि पाच मिनिटं तसेच बसून राहिले. कपाळावर घाम जमला. सून ओट्यापाशी उभी राहून चोरून बघत होती. तिला हसू आलं आणि तिने ते गिळलं. त्या घरात हसणं महागात पडायचं.

"ए, इकडे ये," ते डोळे उघडून म्हणाले. "बोट दे."

"माझं?"

"मग काय शेजाऱ्याचं? तुझी बोटं नाहीतरी दिवसभर टोचून घेतलेलीच असतात."

ते खरं होतं. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडून ती काज-बटणांचं आणि हातशिलाईचं काम आणायची. रोजचे पंचवीस शर्ट. बोटांची टोकं कायम चाळण झालेली. तिने हात पुढे केला. आणि काय आश्चर्य, दुसऱ्याच्या बोटात सुई खुपसताना साहेबांचा हात जरासुद्धा कापला नाही.

"मामंजी, सिस्टर म्हणाल्या कडेला टोचायचं..."

"मधोमध रक्त भरपूर येतं," ते म्हणाले आणि मधोमध टोचलं.

मशीनने पाच सेकंद विचार केला आणि दोनशे शहाऐंशी दाखवले.

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दोनशे शहाऐंशी? हा आकडा घेऊन बाकावर बसायचं? आधी त्यांनी मशीनच खोटं ठरवलं. मग जन्माची सवय, खरं-खोटं केल्याशिवाय राहवेना. मुलगा कामावर निघाला होता. शीतगृहात हजेरी घ्यायची नोकरी, सहाला घर सोडायचा. त्याला दारातून ओढून आणला, त्याचं बोट टोचलं. शहाण्णव.

"उत्तम," साहेब म्हणाले. "उद्यापासून तू."

"बाबा, मला ड्युटी असते. दुपारी जेवणानंतर कोण असतं घरी?" असं म्हणत मुलाने बोट खिशात घातलं, काखा वर केल्या आणि जिना उतरून गेलाही. बायकोकडे बघितलंसुद्धा नाही.

मापसाहेबांनी चष्मा पुसला. मग सुनेला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, पूर्वी एखादं संशयित पारडं न्याहाळायचे तसं.

"काटा खरा आहे," ते म्हणाले. "मालच खोटा आहे. सरळ करावा लागेल."

आणि त्यांनी तिला सरळ करायला घेतलं. डॉक्टरीणबाईने त्यांच्यासाठी दिलेलं पथ्याचं पत्रक त्यांनी लाल पेन्सिलीने खुणा करत वाचलं आणि त्यातलं अक्षर न् अक्षर सुनेला लागू केलं. काचेच्या कपाटातला जुना पितळी तराजू जेवणाच्या टेबलावर आला. ती वजनं वर्षानुवर्षं तीच घासत आली होती, आता त्याच वजनांनी तिचा भात मोजला जाऊ लागला. ऐंशी ग्रॅम. एक दाणा जास्त झाला तर चमच्याने काढून घ्यायचे. बटाटा बंद. तिच्या चहातली साखर बंद. दुपारी जेवून उठली की जिना. तीन मजले खाली, तीन मजले वर, पाच फेऱ्या, साहेब दारात घड्याळ घेऊन उभे. आणि हे सगळं करताना त्यांच्या दुसऱ्या हातात काय? जॅम लावलेला पाव! पथ्य वहीतल्या माणसाने पाळायचं, आणि वहीत बोट होतं तिचं. तेव्हा ते मोकळे.

आकडा हळूहळू उतरायला लागला. दोनशे साठ. दोनशे तीस. दोनशे बारा.

तिलाही आकडे कळायला लागले होते. नवऱ्याचा शहाण्णव ती विसरली नव्हती. पत्रकाच्या मागच्या बाजूला छापलं होतं: सारखी तहान, सारखी लघवी, वजन घटणं, थकवा. तीन महिने ती तांब्या तांब्या पाणी पीत होती. स्वतःच्या कपड्यांना तिने दोनदा आतून शिवण मारली होती. तिला वाटलेलं, कामाचा शीण असेल. आता पत्रक हातात धरून ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिला भीती वाटली.

"मामंजी," तिने त्या दुपारी धीर करून विचारलं, "हे रक्त माझं आहे. म्हणजे आजार मलाच आहे ना? मला दाखवायला हवं."

साहेब मोठ्यांदा हसले. "तुला? अगं, साखर मला आहे. आठ वर्षं आहे, कार्डावर लिहिलंय. एका घरात एक पुरे."

"पण आकडा..."

"आकडा माझा आहे!" त्यांनी वहीवर हात आपटला. "डॉक्टरकडे जाऊन काय सांगणार? सासऱ्याच्या वहीत माझं रक्त आहे? सांग ना. म्हातारपणी माझं नाक काप. आणि मग या घरात परत येऊ नकोस."

नवऱ्याला सांगितलं तर तो बुटांच्या नाड्या सोडत म्हणाला, "चौदा दिवसांचा तर प्रश्न आहे. कशाला विषय वाढवतेस?" आणि मूग गिळून जेवायला बसला.

चौदा दिवसांनी डॉक्टरीणबाईने वही चाळली, मशीन तपासलं. आकडे जुळत होते, का नाही जुळणार? "खाणं सांभाळताय, जिनेही चढताय, तरी साखर दोनशेच्या खाली येत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला आता इन्सुलिन लागणार." आणि तिने त्यांच्या नावावर इन्सुलिनची पेनं लिहून दिली. जाड पेनासारखी वस्तू. मागची खुंटी फिरवली की एका युनिटला एक 'कट्' असा आवाज, हव्या तेवढ्या मात्रेपर्यंत मोजत जायचं, पोटात टोचायचं, दाबायचं. सिस्टरने नीट बजावलं: दर वेळी सुई नवी, एक पेन एकाच माणसाचं, आणि साखर फार उतरून घाम फुटला, हातपाय थरथरले, तर वाट न बघता दोन-तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यायची.

घरी येईपर्यंत साहेबांचा चेहरा पांढराफटक. बोटातली सुई परवडली, ही तर पोटातली! त्यांनी पेनांची पिशवी टेबलावर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"सूनबाई," ते म्हणाले. इतक्या वर्षांत सूनबाई म्हणायची ही दुसरी की तिसरी वेळ. "बोट तुझं, तर पोटही तुझंच हवं. नाहीतर हिशेब जुळणार कसा?"

कसला मेला माणूस! पण यात गंमत बघा. त्याने तिला छळायला जे जे केलं, तेच तिला हवं होतं. दहा युनिटांपासून सुरुवात झाली, वही बघून बाई मात्रा वाढवत गेली, आणि तिसऱ्या आठवड्यात ती एका सकाळी उठली तर घसा कोरडा नव्हता. तिला पहिल्यांदा कळलंच नाही काय वेगळं आहे ते. महिन्याभरात गालांवर मांस आलं. कपड्यांच्या आतल्या शिवणी तिने एक एक करून उसवल्या. सुईत दोरा ओवताना डोळ्यांपुढे येणारं धुकं गेलं. सकाळचा आकडा एकशे अठरा. ती जगणार होती. दुसऱ्याच्या नावावर का होईना, पण जगणार होती, आणि ती पिशवी कपाटात आहे ना हे ती दिवसातून चारदा बघून यायची.

छळ मात्र थांबला नाही. एकदा जिन्याची पाचवी फेरी संपवून ती वर आली ती घामाने निथळत. गुडघे लटपटत होते, ओठ बधिर झाले होते. तिने साखरेच्या बरणीकडे हात नेला. साहेबांनी झाकणावर पंजा ठेवला.

"थांब. आधी आकडा."

"मामंजी, पडेन मी..."

"दोन मिनिटांनी मरत नाहीस. बोट."

एकसष्ट आला. साहेबांचे डोळे चमकले. बाकावर आजवर कुणाचाच एवढा खाली गेला नव्हता! त्यांनी आधी वहीत तो टपोऱ्या अक्षरात लिहिला, शाई वाळू दिली आणि मग बरणी सरकवली. ती फरशीवर बसून मुठीने साखर खात होती. डॉक्टरीणबाईने तो आकडा बघून मात्रा बावीसवरून वीसवर आणली आणि साहेबांना म्हणाली, "सांभाळा हं, असं होणं धोक्याचं असतं." साहेब म्हणाले, "आम्ही सहन करतो, मॅडम."

चार महिन्यांत मापसाहेब बाकाचे राजे झाले. बाईने त्यांची वही सगळ्यांना दाखवली. "याला म्हणतात शिस्त," ती म्हणाली. साहेबांची छाती फुगली. ते नव्या रोग्यांना व्याख्यानं द्यायला लागले: भात तोलून खा, जिने चढा, जिभेवर ताबा ठेवा. आणि घरी येऊन केकचा डबा उघडायचे. सगळ्यात भयंकर गोष्ट अशी की त्यांना ते सगळं खरं वाटायला लागलं होतं. जन्मभर लेखी आकड्यावर विश्वास ठेवलेला माणूस. वहीत एकशे अठरा आहे म्हणजे अंगात एकशे अठरा आहे.

मग एका सोमवारी कपडे धुताना तिला त्यांच्या उजव्या मोज्याच्या टोकाला डाग दिसला. पिवळट, कडेने तपकिरी. वास घेतला आणि तिने तोंड फिरवलं. पत्रकात हेही होतं: पाय रोज बघा, बधिर पायाला जखम झालेली कळत नाही.

तिने सांगितलं. हे तिच्या बाजूने लिहून ठेवायला हवं, तिने एकदा सांगितलं. "मामंजी, पायाला काहीतरी लागलंय. दाखवून घ्या."

"दुखत नाहीये मला," ते म्हणाले.

"म्हणूनच तर..."

"माझी साखर किती आहे?"

तिची नजर टेबलावरच्या वहीकडे गेली.

"एकशे बारा. एकशे बाराला पाय सडतो का? मला शिकवतेस? शर्टाची बटणं लाव जा."

ती बटणं लावायला गेली. सुई वर-खाली होत राहिली आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होत गेली. दवाखान्यात नेलं तर ते आधी रक्त घेणार, त्यांचं स्वतःचं. मग सगळं उघडं पडणार. मग ती पेनं कुणाच्या पोटात जाणार? त्यांच्या. आणि तिची ती तहान, ते धुकं, ते उसवलेले कपडे पुन्हा आत घेणं. तिने दुसऱ्यांदा ब्र काढला नाही. मंगळवारी मोजा धुतला, बुधवारी धुतला. एकोणीस दिवस तिने तो मोजा गरम पाण्यात साबण लावून स्वच्छ धुतला, डाग राहू दिला नाही. तिला वाईट वाटलं का? पहिले तीन दिवस वाटलं. पुढे ती बरणीच्या झाकणावरचा पंजा आठवायची आणि मोजा पिळायची.

विसाव्या दिवशी साहेबांना हुडहुडी भरली, ताप चढला, बडबड सुरू झाली. नवऱ्याने मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरने मोजा काढला आणि दोन पावलं मागे सरला. रक्तातली साखर चारशे एकतीस. पाय गुडघ्याखाली काढावा लागणार होता, आणि तोही त्याच दिवशी.

"हे चारशे एकतीस, आणि या वहीत एकशे अठरा?" डॉक्टर ओरडला. "कुणी लिहिली ही वही?"

साहेबांनी ढकलगाडीवरून मान वळवली. ताप होता, पण डोकं चालत होतं. "सून," ते म्हणाले. "सगळं तीच बघते. मला दिसत नाही नीट."

नवऱ्याने जमिनीकडे बघितलं. "हो," तो म्हणाला. "मशीन तीच हाताळते."

डॉक्टरने भर वॉर्डात तिची खरडपट्टी काढली. मनाचे आकडे लिहिलेत, इन्सुलिन दिलं नाहीत, म्हाताऱ्या माणसाचा पाय घेतलात. खाटांवरचे रोगी उठून बसून ऐकत होते. तिने पहिल्यांदा, सगळ्यांसमोर, सांगून टाकलं. "ते रक्त माझं आहे. आजार मला आहे. ती औषधं मी घेत होते, यांनीच मला..."

"असं?" डॉक्टर म्हणाला. त्याने तिथल्या तिथे तिचं बोट ओढलं आणि टोचलं.

एकशे बारा.

"ठणठणीत आहात तुम्ही," तो म्हणाला. "आणि खोटंही बोलता."

चांगला आकडाच तिच्यावर उलटला होता. डॉक्टरने फाइलमध्ये लिहिलं की सुनेने हेळसांड केली.

साहेब साडेतीन आठवडे इस्पितळात होते. पेनांची पिशवीही त्यांच्याबरोबर गेली. चौथ्या दिवशी तहान परत आली. नवव्या दिवशी सुईत दोरा जाईना. घरच्या मशीनवर आकडा तीनशे चाळीस. नवऱ्याला दाखवला तर तो म्हणाला, "तुझ्या आकड्यांवर आता कोण विश्वास ठेवणार?" निवृत्तांच्या दवाखान्यात कार्डावर तिचं नाव नव्हतं. मोठ्या इस्पितळात ती एकटी जाऊन रांगेत उभी राहिली. खिडकीतल्या माणसाने तपासणीची तारीख दिली, सव्वा महिन्यानंतरची. "तोपर्यंत काय करू?" तिने विचारलं. "पुढचा," तो म्हणाला.

साहेब घरी आले ते पाय गमावून आणि निम्मी नजर गमावून. समोरचा माणूस दिसायचा, पण पेनावरचे बारीक आकडे दिसायचे नाहीत. आता ते भ्याले होते, खरंच भ्याले होते. दुसरा पाय तरी वाचायला हवा होता. "मला दे आता ते," ते पोट उघडं करून म्हणायचे. "पण वीस म्हणजे वीस. मी मोजणार." आणि तिने पेनाची खुंटी फिरवली की कान टवकारून मोजायचे. कट्, एक. कट्, दोन. मापसाहेबच ते. विसापर्यंत एक आकडा चुकायचे नाहीत.

तिने खरोखर वीसच फिरवले. मोजणी बरोबर होती. पण पेन असं असतं की अंगठा मधेच उचलला तर उरलेली मात्रा आत थांबते. पहिल्या सकाळी तिने आठ युनिटांवर अंगठा उचलला, हळूच सुई काढली, स्वयंपाकघरात जाऊन नवी सुई बसवली आणि उरलेले बारा स्वतःच्या पोटात घेतले. एक पेन एकाच माणसाचं, हे तिला आठवलं. तीन दिवसांनी तहान कमी झाली.

बोट टोचायची वेळ आली तेव्हा साहेबांनी हात मागे घेतला. इस्पितळात रोज चार वेळा टोचून त्यांना रडवलं होतं. "सूनबाई," ते अजीजीने म्हणाले, "तुझंच घेतलं तर?"

"माझंच घेऊ?"

"पोटातली सुई मला दिसत नाही गं. बोटातली दिसते."

"तुमची मर्जी, मामंजी," ती म्हणाली आणि स्वतःच्या बोटाच्या कडेला टोचलं. वहीत एकशे तीस लिहिला. डॉक्टरीणबाईने चौदा दिवसांनी वही बघितली आणि मान डोलावली. "बघा, सुनेने मनावर घेतलं की कसं होतं," ती म्हणाली. मात्रा तीच ठेवली.

सव्वा महिना झाला. तारखेच्या आधी तिने चार दिवस ते बारा युनिट स्वतःला घेतले नाहीत, डोळ्यांपुढे धुकं येईतो थांबली आणि इस्पितळात गेली. या वेळी दंडातून रक्त घेतलं, नळ्या भरल्या, कागद आला. त्या कागदावर तिचं नाव होतं, त्या घरात वर्षानुवर्षं कुणी घेतलं नव्हतं ते. नावापुढे आजार लिहिला होता. तिला तिचं कार्ड मिळालं, तिची वही मिळाली, तिची पेनं मिळाली. जिन्यावर बसून ती रडली. इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आधी स्वतःच्या पेनाने स्वतःची मात्रा घेतली. मग साहेबांचं पेन घेऊन त्यांच्या खाटेपाशी गेली. खाटेखाली कालचा मोजा पडला होता. आता एकच असायचा. त्याच्या टोकाला पिवळट डाग होता, कडेने तपकिरी.

साहेबांनी सदरा वर केला आणि कान टवकारले. कट्, कट्, कट्. "अठरा," ते पुटपुटले. "एकोणीस. वीस."

तिने टोचलं, दाबलं आणि आठवर अंगठा उचलला.

"बरोबर वीस ना?" त्यांनी विचारलं.

"बरोबर वीस, मामंजी. तुम्हीच मोजलेत ना."

ते समाधानाने उशीला टेकले. ती मोजा उचलून आत गेली. उरलेले बारा युनिट तिने बेसिनमध्ये सोडले, नळ उघडला आणि मोजा धुवायला घेतला.